छातीत शिरलेलं पाणी

पाण्यातून आधी भाऊंचा हात वर यायचा. अडकलेलं जाळं सुटलं असेल तर पंजा उघडा, नसेल तर मूठ मिटलेली. डोकं त्यानंतर. तोवर काठावरच्या आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. वर आले की केस झटकायचे, कोरडी ठेवलेली बिडी मागून घ्यायचे आणि पहिला झुरका मारून म्हणायचे, "हं, आता गरम झालं."

कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या गावातल्या मासेमार संस्थेची मी सचिव. तलावावर कोणाची पाळी, मत्स्यबीज कधी सोडायचं, वजनाचा काटा कोणी सांभाळायचा, हे सगळं मी लिहून भिंतीवर लावते. भाऊंना मात्र कुठलीच पाळी लागू पडली नाही. तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत. जाळं त्यात गुंतलं की बुडी मारून सोडवायला भाऊच लागत. पाळीनेच या म्हटलं तर म्हणायचे, "बाई, खुंटाले तुमचं पत्रक वाचता येते का?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याच्या दुखण्यावर त्यांच्याकडे औषध असतं आणि स्वतःच्या दुखण्यावर फक्त कारण. भाऊंना खोकला लागला तेव्हा कारण तयार होतं. "खाली असताना तोंड उघडलं न बाई. पाणी घुसलं छातीत. निघन हळूहळू."

ते निघालं नाही. आवाज बसला. खांदा दुखायला लागला. सदरा अंगावर लोंबायला लागला. बुडी आता पूर्वीसारखी टिकत नाही, हे काठावर सगळ्यांना दिसत होतं. मी मागे लागून थुंकी तपासून घेतली. क्षय नाही असं आलं, तेव्हा भाऊंनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. छातीचा फोटो काढायचा म्हटलं की आधी धान कापू द्या, मग दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊ द्या, असं चाललं.

एक दिवस घरून तलावावर येतानाच धाप लागून ते शेताच्या धुऱ्यावर बसले, ते उठेनात. मी पिशवी भरली. आधार, रेशनकार्ड, जुने कागद, लुंगी, ताट, पेला. वहिनींना सोबत घेतलं आणि गडचिरोली गाठली. फोटोत उजवी बाजू खालपासून पांढरी होती. डॉक्टरांनी पाठीतून सुई घातली आणि नळीतून बाटलीत पाणी उतरू लागलं. लालसर, गढूळ.

भाऊ मान वळवून बघत होते. त्यांचा चेहरा उजळला.

"पाह्यलं का बाई? तलावाचंच हाय. नवं पाणी आलं का असंच दिसते."

डॉक्टर सांगत होते की हे बाहेरचं पाणी नाही, ते का साचलं हे शोधायला हवं. पण भाऊंना कित्येक दिवसांनी मोकळा श्वास येत होता. तो सोडून कोणाचं ऐकणार? तपासायला दिलेल्या पाण्याचा अहवाल घ्यायला ते गेलेच नाहीत. गावभर सांगत सुटले की तलाव छातीत शिरला होता, डॉक्टरांनी उपसून काढला. पोरांना पोहू देईनात. थोडीफार बुडी मारू शकणारे आणखी दोघे-तिघे होते, तेही पाण्याला भ्यायले आणि काठावर बिड्या ओढत बसू लागले.

अहवाल मी आणला. फुफ्फुसाचा कॅन्सर. वहिनींना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "त्यायले नका सांगू, बाई." पण छातीत पाणी पुन्हा भरलं होतं, नागपूरला जावंच लागलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी काही झाकलं नाही. आजार यकृतापर्यंत गेला आहे, शस्त्रक्रिया आता होणार नाही. काही रुग्णांना गोळ्या लागू पडतात, त्यासाठी फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासला, त्या यांना लागू नव्हत्या. सलाईनमधून औषध देता येईल, त्याने आजार थोडा रेंगाळेल, जाणार नाही. चुलीचा धूर, इतर धूर, सगळं त्यांनी विचारलं आणि सर्वांत मोठं कारण बिडी म्हणून सांगितलं. छातीतलं पाणी त्या आजारानेच साचतं, हेही.

बाहेर बाकावर बसल्यावर भाऊंनी मला विचारलं, "म्हणजे ते पाणी माझंच होतं?"

"हो, भाऊ."

ते आपल्या पायांकडे बघत म्हणाले, "मंग तलावाले फुकटच बदनाम केलं मी."

सलाईन दोनदा झालं. तोंड आलं, अन्न जाईना, पाणी भरतच राहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. दुखणं कमी करायच्या गोळ्या मी वेळेवर आणत गेले. त्या गोळ्यांनी त्यांना झोप तरी लागायची. दुसरं काहीच करण्यासारखं उरलं नव्हतं.

त्या दिवसांत एकदा सकाळी त्यांनी खुर्चीवर बसवून स्वतःला तलावावर न्यायला लावलं. सगळे जमले. भाऊ एकेक शब्द थांबून थांबून बोलले. "पाण्याचा दोष नाई. बिडीचा हाय. दोन-तीन हप्ते खोकला हटला नाई तं छातीचा फोटो काढा. मी नाई काढला."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने हातातली बिडी पायाखाली विझवली. भाऊंना परत नेईपर्यंत त्याने दुसरी पेटवली नाही, एवढा मान ठेवला.

बिडीच्या तेंदूपानाचा हंगाम लागायच्या आधी भाऊ गेले.

तिसऱ्या दिवसाचं सगळं आटोपल्यावर पुरुष मंडळी तलावाच्या बांधावर बसली होती. वहिनींकडून परतताना मी त्यांच्या मागून जात होते. त्यांच्यात कोणीतरी खोकलं. खोल आणि लांब.

मी थांबले. "कोण हाय तो? किती दिवसांचा हाय हा खोकला?"

एकानेही मान वळवली नाही. सगळे पाण्याकडे बघत राहिले. ज्याला खोकला आला होता, त्याने पुढचा आतल्या आत दाबला.