गणपत रेफ्रीचं लाल कार्ड

गणपत साळसकरचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नाही, पुढाऱ्यावर नाही, छत्री मागायला आलेल्या शेजाऱ्यावर तर मुळीच नाही. "विश्वास पानिपतात गेला," असं तो म्हणायचा. त्यावर बायको गुणवंती म्हणायची, "आणि तुमचा संपात." तिचं खरंच होतं. ब्याऐंशीच्या गिरणी संपात शेजारच्या साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, कोंडीराम रोज "गोदीत कामाला जातो" सांगून निघायचा आणि मागच्या दाराने मिलमध्ये जाऊन साचे चालवायचा. ते कळलं त्या दिवसापासून गणपतनं माणसं पारखायची सोडली आणि सगळ्यांना सरसकट लबाड धरलं.

मिल पुन्हा उघडली नाही. गणपत परळच्या एका गोडाऊनवर वॉचमन झाला आणि रविवारी फुटबॉलच्या लीगमध्ये रेफ्री. संशयी माणसाला याहून बरी जागा कुठली? शिट्टी वाजली की बावीस माणसं थांबायची. लालबागेत लोक त्याला 'रेफ्रीसाहेब' म्हणायचे. आयुष्यात तेवढीच इज्जत उरली होती आणि ती तो जिवापाड जपायचा.

एक्क्याण्णवला नवा नियम आला. गोल करायला निघालेल्याला मुद्दाम पाडलं, तर थेट लाल कार्ड. मुद्दाम की चुकून, ते रेफ्रीनं ठरवायचं. हे म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच! गणपतच्या लेखी जगात चुकून असं काही घडतच नव्हतं.

सेमीफायनलला शिवडीच्या एका गोदाम कंपनीची टीम होती. तिचा बॅक लहू, तिशी ओलांडलेला, मुकाट खेळणारा. मॅचआधी कप्तान त्याच्या कानाला लागून बराच वेळ काहीतरी सांगत होता. गणपतच्या मनात पाल चुकचुकली. एवढं कानात सांगण्यासारखं काय असतं?

शेवटच्या पाच मिनिटांत समोरचा फॉरवर्ड एकटाच सुटला. कीपर पुढे आला, लहू बाजूनं घुसला आणि फॉरवर्ड आडवा झाला. गणपतनं शिट्टी मारली, तरी लहू बॉल घेऊन पळतच राहिला. लाइनमन धावत आला. "कीपर 'सोड, सोड' म्हणून ओरडला होता. तरी हा घुसला." झालं! गणपतनं लाल कार्ड काढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लहू त्याच्या खोलीवर आला.

"रेफ्रीसाहेब, रिपोर्टात 'मुद्दाम' लिवू नका. टीममधून काढलं तर गोदामातून पण काढतील. मी टेंपरवारी हाय."

"कीपर ओरडला ना?"

"नाय ऐकलं."

"आणि शिट्टी?"

"ती पण नाय."

"वा! आणि कप्तान कानात काय सांगत होता?"

लहूनं मान खाली घातली. गणपतला वाटलं, सापडला चोर.

तेवढ्यात शेजारची कमल धावत दारात आली आणि या दोघांकडे बघतच राहिली. तिची नजर गेली तिकडे गणपतनं मान वळवली. मोरीपाशी पितळेचा हंडा लवंडला होता, पाणी पार उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि गुणवंती कपाळाला हात लावून उभी होती.

"अख्खी चाळ दचकली," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघं ढिम्म!"

गणपतनं ते तिच्या ओठांवरून वाचलं. त्याची नजर लहूकडे गेली, तर तोही तिच्या ओठांकडेच बघत होता. साच्यांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नसे, तिथे माणसं अशीच बोलत. गणपतनं आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "कुठल्या खात्यात?"

"साचेखात्यात. सात वर्षं," लहूनं तसंच उत्तर दिलं. मग उजव्या कानाला बोट लावून म्हणाला, "ह्यातच जरा ऐकू येतं. कप्तानाला म्हाईत हाय. पण कानाचं लिवू नका, साहेब. क्रेनखाली बहिऱ्याला कोण ठेवील?"

गणपतला लाज वाटली. कीपरची हाक त्यानं तरी कुठे ऐकली होती? रेफ्रीला कान कशाला, डोळे पुरे, अशी स्वतःची समजूत घालून तो इतकी वर्षं मैदानात उभा राहिला होता.

त्यानं रिपोर्ट लिहिला: 'धक्का चुकून लागला. मला ऐकू येत नाही, हे मी लपवलं. लाइनमनच्या सांगण्यावरून मुद्दाम ठरवलं. चूक माझी.' लहूच्या कानाबद्दल अक्षरही नाही.

लीगच्या चिटणिसानं तो दोनदा वाचला आणि मान वर केली.

"इतकी वर्षं ऐकू येत होतं आणि नेमके आजच कान गेले? खरं सांगा, गणपतराव. गोदामवाल्यांनी काय दिलं तुम्हाला?"

गणपतचं डोकं भणाणलं. आयुष्यात त्यानं कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नव्हता. लहूला इथे उभा केला असता, तर एका मिनिटात सगळं सिद्ध झालं असतं. आपण खरं बोलतोय आणि समोरचा संशयानं बघतोय, हे सोसायला किती जड जातं ते त्याला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं.

"काय समजायचं ते समजा," तो म्हणाला, "पण त्या पोराचं कार्ड रद्द करा."

चिटणिसानं कार्ड रद्द केलं आणि रेफ्रींच्या यादीतून गणपतचं नाव खोडलं. खोडता खोडता तो खाली मान घालून शेजारच्या माणसाला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. काय म्हणाला ते गणपतला कळलं नाही. त्यानं शिट्टी टेबलावर ठेवली आणि तो जिना उतरला.