मासूमाच्या कपाटातला मसालेभात

भोरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत सलीमभाईंना गार जेवण वाढून सुखानं राहिलेला माणूस दाखवा. चहा जरा निवला की हा गडी कप असा बाजूला सारतो, जसं त्यात कुणी माशी मारून टाकलीय. भाकरी तव्यावरून थेट ताटात पाहिजे; वाटेत परातीत विसावलेली चालत नाही. त्यांची बायको मासूमाभाभी म्हणायची, "ह्यांची अम्मी ह्यांना चुलीवर पाळणा टांगून झोपवायची, म्हणून असले झालेत."

असा माणूस लग्नातला आचारी झाला, हीच मुळात नशिबानं केलेली थट्टा. कारण आपल्याकडच्या लग्नात जेवण शिजतं वेळेवर, पण पोटात जातं ते सगळ्यांचे सत्कार झाल्यावर. मुहूर्त टळतो, पाहुण्यांचं भाषण होतं, आहेर पुकारले जातात, कुणाचं नावच राहिलं म्हणून पुन्हा पुकारले जातात. तोवर सलीमभाईंचा मसालेभात पातेल्यात थिजून वडीसारखा व्हायचा आणि ते बिचारे पातेल्याशेजारी असे बसायचे, जसं मयताच्या उशाशी.

मग एका माघात त्यांच्या डोक्यात कपाट शिरलं.

कापूरहोळच्या फाट्यावर सरफराजचं बॅटरीचं दुकान. ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, डायनामो भरायचे, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लोकांच्या डोक्यात किडे सोडायचे, हे त्याचं काम. तो म्हणाला, "भाई, कोंबडीची पिल्लं उबवायची पेटी बघितली ना? तसंच मोठं करायचं. लोखंडी कपाट आणा. आतून पत्रा मारू, मधे काचेची लोकर भरू, खाली कॉइल टाकू. घरच्या लाइटवर आधी तापवून घ्यायचं, मग टेम्पोत चढवलं की ट्रकच्या दोन बॅटऱ्यांवर ऊब धरून ठेवायची. दार उघडायचं न्हाई, एवढंच पथ्य."

लोखंडी कपाट गल्लीत एकच होतं. मासूमाच्या लग्नातलं. हिरव्या रंगाचं, दारावर उभा आरसा.

सलीमभाईंनी विषय कसा काढला ते गल्लीला माहीत नाही, पण मासूमाचं उत्तर मात्र चौथ्या घरापर्यंत ऐकू आलं. "माझ्या साड्या ट्रंकेत आन तुमचा भात कपाटात?" दोन दिवस घरात भाकरी गारच वाढली गेली. सलीमभाईंनी ती मुकाट खाल्ली. तेव्हा कुठं तिला कळलं की नवरा खरंच इरेला पेटलाय.

"देते," ती म्हणाली. "पण पहिल्या लग्नात शेवटच्या पंगतीला भातातनं वाफ निघाली पायजे. न्हाई निघाली, तर कपाट होतं तसं करून घरात आणायचं, आन तुमी आधीच्या त्या कापूरहोळच्या ढाब्यावर परत भट्टीपुढं उभं राहायचं. आन आरशाला हात लावायचा न्हाई. माझ्या अब्बांनी पुण्याहून मांडीवर घेऊन आणलाय."

आता गंमत अशी, की दारात लोकर भरायची तर आरशाचे स्क्रू काढावे लागत होते. सरफराजनं डोकं खाजवलं. शेवटी बाकी सगळीकडे लोकर भरली आणि दार तसंच राहिलं, नुसता पत्रा. कपाट तापलं की आरसाही तापायचा. सलीमभाईंनी त्यावर तळहात ठेवून बघितला आणि म्हणाले, "चालतंय." चालत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

पहिलं लग्न भाटघरला, गेनूतात्यांच्या मुलीचं, सुलक्षणाचं. धरणाच्या पाण्याकडं तोंड करून देवळाचं पटांगण, आणि संध्याकाळचा मुहूर्त. तिथं चूल पेटवायची म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. जाळ पातेल्याखाली राहायचाच नाही, आडवा होऊन आचाऱ्याच्या लुंगीकडं धावायचा. म्हणून तर गेनूतात्या ह्या कपाटाला कबूल झाले. भोरातच सगळं शिजवलं. मसालेभात, आमटी, वांग्याची भाजी. कपाट लाइटवर चांगलं तापवलं, पातेली आत गेली, दाराला कुलूप, किल्ली सलीमभाईंच्या गळ्यात ताईतासारखी. मासूमा टेम्पोत पुढं बसली. मदतीला आलेय म्हणाली, पण ती पंच म्हणून आली होती.

मांडवाशेजारी कपाट उतरवलं आणि लग्नाचा रंगच बदलला. नवरीला बघायला बायका आल्या होत्या त्या आरशापुढं रांगेत उभ्या राहिल्या. कुणी कुंकू सारखं केलं, कुणी गजरा. एक आजीबाई आरशाला हात लावून दचकल्या आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्याला तर ताप भरलाय."

पुरुषांची वेगळीच खोड. "सलीमभाई, एकदा उघडा की. बघू तरी आत काय चाललंय."

"भात हाय, तमाशा न्हाई," सलीमभाई म्हणाले आणि किल्ली बंडीच्या आत सारली.

कपाटाच्या डोक्यावर सरफराजनं एक बारका दिवा बसवला होता. बॅटरीत दम असेतो तो पिवळाधमक जळायचा; लाल पडायला लागला की समजायचं, आटपत आलं. मंगलाष्टकं झाली तेव्हा दिवा ठणठणीत होता. पंगतीची पानं मांडली गेली. सलीमभाईंनी किल्ली काढली. मासूमानं पदर खोचला.

आणि नवरदेवाचा थोरला मामा रुसला.

आनंदराव त्यांचं नाव. वेल्ह्याकडचे, अंगानं भरभक्कम. झालं काय, तर फेटे बांधणाऱ्यानं धाकट्या मामाला आधी बसवलं, आणि थोरल्याच्या वाट्याला उरलेलं कापड आलं. धाकट्याचा शेमला पाठीवर रुळतोय, थोरल्याचा कानापाशीच संपलाय. आनंदराव उठले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि मांडवाबाहेर गेले. बाहेर वारा. वाऱ्याला आडोसा एकच. ते कपाटाला पाठ लावून, बरोब्बर दारापुढं, मांडी घालून बसले.

पाठीला आरसा लागला. आरसा कोमट. आनंदरावांना जुनी कंबरदुखी. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघून सलीमभाईंनी किल्ली पुन्हा गळ्यात घातली.

मामा उठल्याशिवाय पंगत बसत नाही. आणि मामा बसलेत त्या दारामागं पंगतीचं जेवण.

गेनूतात्या आले, हात जोडले. "मामा, चला. पानं खोळंबली."

"खोळंबू द्या. मला काय मान हाय हितं?" आनंदराव डोळे मिटून म्हणाले आणि पाठ अजून थोडी मागं रेटली.

नवरदेव आला. व्याही आले. जितकी माणसं मनवायला येत, तितका मामांचा आवाज करुण होई आणि कंबर तितकी मोकळी. रुसवा आता तोंडातच उरला होता. पाठ केव्हाच राजी झाली होती.

इकडं दिवा लाल पडायला लागला. सलीमभाईंनी मासूमाकडं बघितलं. मासूमानं दिव्याकडं बघितलं आणि खोचलेला पदर सोडला, जे तिच्या बाबतीत फार वाईट लक्षण.

सलीमभाई कपाटामागं जाऊन बसले. कॉइल चालू ठेवावी, तर मामा उठत नाहीत आणि बॅटरी मरते. बंद करावी, तर मामा गारठून उठतील, पण भातही गारठेल. कापूरहोळची भट्टी त्यांना डोळ्यांपुढं दिसायला लागली, आणि भट्टीपुढं उभं राहून मालकाच्या शिव्या खाणारा सलीमही. त्यांनी "या अल्ला" म्हणून खटका पाडून कॉइल बंद केली.

थोडा वेळ गेला. अजून थोडा गेला. आनंदराव ढिम्म. सलीमभाईंनी बाजूनं हात घालून आरशाचं टोक चाचपलं. जिथं मामा नव्हते तिथं काच निवत चालली होती. मामांच्या घोंगडीखाली बोटं सरकवली, तर तिथं अजून ऊब. त्यांच्या डोक्यात लख्ख पडलं. सरफराजला दारात भरता आली नाही ती लोकर इथं मांडी घालून बसली होती.

ते पुढं येऊन मामांशेजारी उकिडवे बसले. "मामा, एक सांगू का? मघाशीच खटका बंद केलाय म्या."

आनंदरावांनी एक डोळा उघडला. "मग ऊब कशाची लागतीय?"

"भाताची. तुमच्याच. पाठीला जेवढी जाईल तेवढी ताटात कमी येईल."

मामा विचारात पडले. गार मसालेभात त्यांनी आयुष्यात पुष्कळ खाल्ला होता. लग्नाघरचा मामा होऊन दुसरं काय खाणार? "गरम म्हंजे किती गरम?" त्यांनी हळूच विचारलं.

"फुंकून खावा लागंल."

"आन फेट्याचं काय?"

उत्तर मासूमानं दिलं. "आरसा तुमच्या पाठीमागंच हाय, मामा. उठा, तोंड फिरवा. अख्ख्या मांडवात आरशात बघून फेटा बांधलेला मामा एकच असंल. धाकट्याला हाय का हे भाग्य?"

आनंदराव उठले. नवं कापड आणलं गेलं. आरशापुढं उभं राहून त्यांनी फेटा बांधून घेतला, एकदा पसंत नाही म्हणून सोडवला आणि पुन्हा बांधून घेतला. शेमला थेट कमरेखाली. तोवर सलीमभाईंनी त्यांच्या खांद्यावरची घोंगडी कधी काढून घेतली ते त्यांना कळलंच नाही. पातेली निघाली की दार बंद, त्यावर घोंगडी, आणि खटका पुन्हा चालू. पहिली पंगत फुंकून जेवली. दुसरी पण.

शेवटची पंगत वाढप्यांची आणि वाजंत्र्यांची. दिवा आता नुसता निखारा उरला होता. मासूमानं स्वतः शेवटच्या पातेल्याचं झाकण उचललं. सलीमभाईंनी बघितलं नाही; ते लांब पाण्याकडं तोंड करून उभे राहिले.

वाफ आली. भोरच्या धुक्यापुढं ती काहीच नव्हती, पण वाफ होती. मासूमानं तिच्यात हात धरला, मग आरशावरची घोंगडी बाजूला करून काच पदरानं पुसली आणि आपलं कुंच्यासारखं विस्कटलेलं डोकं नीट केलं.

"आता?" सलीमभाईंनी पाठमोरंच विचारलं.

"आता काय. उद्या सरफराजला बोलवा. आरसा काढून माझ्या भिंतीला लावायचा आन दारात लोकर भरायची. दर लग्नात मामा कुठनं आणणार तुमी?"

आनंदरावांची घोंगडी त्या गडबडीत भोरलाच आली. ती न्यायला ते मधूनमधून गल्लीत येतात. कपाट लाइटवर लावलेलं असतं, पण दारात आता लोकर. पाठीला काही लागत नाही. मग ते मासूमाला म्हणतात, "वहिनी, पहिलं बरं होतं," फुंकून चहा पितात, आणि घोंगडी न घेताच वेल्ह्याची एस्टी धरतात.