मुक्या गाडीचा सौदा

कुडव्याचा माझा मेकॅनिक बोनेटला कान लावून, डोळे मिटून इंजिनाची तब्येत सांगतो. जुनी इलेक्ट्रिक कार बघायला मी त्यालाच नेलं, कारण बॅटरी बसलेली निघाली तर गाडी भंगारच. त्यानं बराच वेळ कान लावला.

"काऊन गप झाला बे?" मी खेकसलो.

"शेठ, ही काही बोलूनच नाही राहिली. मुकी गाडी घेऊ नका."

घासाघीस करून ठरवलेला सौदा मी मोडला. आठवड्यानं तो मेकॅनिकच त्या गाडीतून नागऱ्याकडे निघालेला दिसला; गाडी त्यानंच विकत घेतली होती. मी गाडीला आडवा गेलो, तोंडाला येईल ते बोललो. त्यानं शांतपणे काच उतरवली.

"बॅटरीचं भेव मलेही वाटते, शेठ. म्हणून नागऱ्याच्या महादेवाले दाखवून आणतो. बसा."

मी रागारागात बसलो. गाडी इतकी सुरेख पळाली की माझा राग अजून उतरलेला नाही.