खाली फ्लॅश

माझे दाजी गुंडप्पा यांच्याकडे एकतीस जुने रोलचे कॅमेरे आहेत आणि एक राग आहे. कॅमेरे बघायला लोक येतात, त्यांच्यावर एकदा पेपरात छापूनही आलं. राग फक्त घरच्यांना माहीत होता. तो मी आता सांगून टाकतो, कारण "झालं गेलं विसरा" म्हणणाऱ्या लोकांचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. त्यांचं स्वतःचं काही हरवलेलं नसतं.

दाजी मूळचे देवणीचे. लातूरच्या अडत बाजारात वजनकाटे दुरुस्त करतात. काट्यात पाच ग्रॅमची खोट त्यांना खपत नाही आणि पाच मिनिटं उशिरा येणारा मेहुणाही खपत नाही. लग्नात मी त्यांचा कान पिळला होता, त्याचं उट्टं ते अजून काढतात.

त्यांची आई बसम्मा शहाण्णव साली गेली, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी. आमच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, नवं लुगडं नेसवून भिंतीला टेकवून बसवतात आणि बसवूनच माती देतात. त्या बसलेल्या माणसाजवळ सगळं घर बसतं आणि फोटो निघतो. कित्येक घरांत म्हातारीचा तेवढा एकच फोटो असतो, डोळे मिटलेला. बसम्माचा तर जिवंतपणी एकही नव्हता. ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं गावात आली, त्या दिवशीही ती रानात होती.

देवणीत तेव्हा उमाशंकर अप्पांचा एकच स्टुडिओ. अप्पा लगेच आले. पंधरा-वीस फोटो काढले. लेकी बसल्या, सुना बसल्या, भावकी बसली. चोवीस वर्षांचे दाजी अप्पांच्या डाव्या अंगाला फ्लॅशची बत्ती धरून उभे होते. आईकडं बघवेना, म्हणून सगळा वेळ ते कॅमेऱ्याकडं बघत राहिले. दहाव्या दिवशी अप्पा घरी आले आणि म्हणाले, "रोलला उजेड लागला. एक बी फोटो न्हाई आला." दाजींच्या वडिलांसोबत बसून रडलेसुद्धा. सगळ्यांना वाटलं, केवढा चांगला माणूस.

पुढची अठरा वर्षं दाजी हेच समजून चालले. मग नांदेडला एका भंगारवाल्याचा काटा दुरुस्त करायला गेले, तर काट्याच्या पारड्यात एक जुना कॅमेरा पडलेला. त्याचं झाकण जाम झालेलं, आत बुरशी. दाजींनी तो मागून आणला, काट्याच्याच बारीक पेचकसानं उघडला, स्पिरिटनं पुसला आणि आठ दिवसांत चालू केला. मला मोठ्या कौतुकानं बोलावलं. लातूरभर हिंडून एक मुदत संपलेला रोल मिळवला होता, तो माझ्यासमोर भरला आणि उजव्या हाताचा खटका ओढला. रोल एक घर पुढं सरकला, आणि त्याबरोबर कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाची छोटी चकती आपोआप फिरली.

दाजींनी रोल काढला, रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका ओढला. चकती जागची हलली नाही. परत रोल भरला. फिरली. असं त्यांनी कितीदा केलं, मी मोजलं नाही. माझी बहीण राजकन्या दोनदा जेवायला हाक मारून गेली.

"दयानंद," ते शेवटी म्हणाले, "त्या दिशी चकती फिरत नव्हती."

आमच्याकडं खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-खुरपं, दाजी काटे, तसे अप्पांनी कॅमेरे पुजले होते. त्या डाव्या चकतीच्या कडेला कुंकवाचं बोट लावलेलं होतं. पंधरा-वीस फोटो झाले, दर वेळी अप्पांनी खटका ओढला, पण कुंकू होतं तिथंच राहिलं. बत्ती धरलेल्या पोरानं ते बघितलं होतं, त्याचा अर्थ त्याला अठरा वर्षांनी कळला.

रोलच्या जमान्यात फोटोवाले "खाली फ्लॅश" मारायचे. लग्नात मानाचे पाहुणे "आमचा एक काढा की" म्हणून छाती काढून उभे राहिले, की रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून नुसता उजेड पाडायचा. पाहुणा खूश, रोल शाबूत. सगळ्यांना माहीत असलेली गंमत होती ती. पण मेलेल्या आईपुढं?

मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता देवणीला जाऊ आणि म्हाताऱ्याची गचांडी धरू. दाजी तयार होईनात. काटा तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, ही त्यांची सवय. काही कॅमेऱ्यांत चकती फिरतच नसेल तर? म्हणून ते कॅमेरे गोळा करायला लागले. उदगीर, निलंगा, देगलूर, जिथं म्हणून स्टुडिओ बंद पडला तिथं हे हजर. एकेक उघडायचा, साफ करायचा, रोल भरून बघायचा. यातच त्यांना नाद लागला. न्हाणीघरात रोल धुवायला लागले, बाजारातल्या हमालांचे असे काळेपांढरे फोटो काढायला लागले की बघत राहावं. त्यांनी माझाही एक काढला, नाक फार मोठं आलं आहे. दाजी म्हणतात, कॅमेरा खोटं बोलत नाही.

अठ्ठाविसावा कॅमेरा कंधारला मिळाला, अगदी अप्पांच्या कॅमेऱ्याच्या जातीचा. चकती फिरली. तरी एक शंका उरली. रोल आतल्या दात्यात नीट अडकला नाही तरीही चकती फिरत नाही. तसं झालं असेल तर ती चूक, पाप नव्हे. ते एकट्या अप्पांनाच ठाऊक होतं. नुसतं विचारलं तर ते परत उजेडच लागला म्हणणार, म्हणून दाजी त्या उत्तराची वाट बघत बसले आणि माझा जीव खाल्ला.

मग गेल्या वर्षी अप्पांची मुलगी बबिता लातूरला दाजींच्या घरी आली. पेपरातलं वाचून आली होती. वडिलांची पंच्याहत्तरी होती. मोबाईलचे फोटो त्यांना फोटो वाटत नाहीत, म्हणाली. रोलवर एक चांगला फोटो काढून द्या, पुढंमागं भिंतीवर लावायला होईल. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. दाजींनी एका शब्दात होकार दिला. तेव्हाच मी ओळखलं आणि मला बरं वाटलं.

निघताना पिशवी मीच भरली. कंधारचा कॅमेरा, फ्लॅश, दोन नवे रोल. रोल पिशवीतच राहिले.

देवणीच्या घरी अंगणात खुर्ची मांडली होती. अप्पा नवं धोतर, पांढरा फेटा बांधून बसले. मोतीबिंदू काढलेले डोळे चांगले तरतरीत होते. दाजींनी पहिला फोटो काढला, खटका ओढला. दुसरा काढला. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाची नजर आपोआप दाजींच्या डाव्या हाताजवळच्या चकतीकडं गेली. तिसऱ्याला अप्पांचा चेहरा उतरला. पण शेजारी लेक उभी, नातवंडं उभी. "बाबा, हसा की," बबिता म्हणाली, आणि अप्पा हसले. दाजींनी पुरते वीस काढले. मी बत्ती धरून उभा होतो आणि वीसही वेळा उजेड नीट पाडला.

"चहा टाक गं," म्हणून अप्पांनी घरच्या सगळ्यांना आत पाठवलं.

"रोल न्हाई त्याच्यात," ते दाजींना म्हणाले.

"त्या दिशी तुमच्यात हुता का?"

अप्पांनी मांडीवरचं धोतर सारखं केलं. "दसऱ्यात समदे रोल सपले हुते. उदगीरहून आणायचे हुते. तुझा बाप दारात हात जोडून उभा. मला न्हाई म्हणवलं न्हाई, गुंडप्पा."

"एक शब्द बोलला असता, तर म्या जीप करून उदगीरला गेलो असतो. माती सांजच्याला हुती, अप्पा. दोनदा जाऊन आलो असतो."

"चुकलं."

"चुकलं न्हाई. दहाव्याला घरी येऊन रडला तुमी."

अप्पांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पोरीला नको सांगू. रोलला उजेड लागला म्हण. माझ्यासाठी एवढं कर."

इतकी वर्षं मी दाजींचा राग बघत होतो. पण त्यांचा चेहरा असा झालेला कधी बघितला नव्हता. आईसाठी वापरलेलं खोटं म्हातारा आता त्यांच्याच तोंडून मागत होता.

बबिता चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "कधी मिळतील फोटो, भाऊ?"

"मिळायचे न्हाईत, ताई. कॅमेऱ्यात रोल नव्हता. कामून नव्हता, ते बाबाला इचारा."

तिला आधी थट्टा वाटली. मग तिनं वडिलांकडं बघितलं. अप्पा मान खाली घालून बसले होते. तिनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, सगळं, बसम्माचं नाव घेऊन. ट्रे तिच्या हातातच राहिला. ती रडायला लागली आणि आमच्याकडं वळून म्हणाली, "बाबांचं चुकलं, भाऊ. पण त्यांचं वय बघा. उद्या काही झालं तर आमच्याकडं काय राहील? तुमी रोल आणलाच नाही का?"

"आणलाय. दोन हायेत पिशवीत."

"मग भरा की. एकच काढा."

मला वाटलं, आता हे विरघळणार. बाईमाणूस रडतंय, दाजींचं मन मऊ. मी पिशवी घट्ट धरली.

दाजींनी कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. तिच्याशी ते अगदी हळू बोलले. "न्हाई, ताई. मी काढणार न्हाई. दुसऱ्या कुणाला बी बोलवा. लातूरला दोघं हायेत रोलवाले, नंबर देतो. आज सांजपतोर येतील."

मग खुर्चीसमोर वाकून त्यांनी अप्पांना सांगितलं, "‘न्हाई’ असं म्हणतेत, अप्पा. त्या दिशी तुमी एवढंच म्हणायचं हुतं."

त्यांनी खरंच कागदावर दोन नंबर लिहून तिच्या हातात दिले, आणि चहा न घेता आम्ही निघालो.