गेटवाले काका

आमच्या शेजारचे काका शिवणकारखान्याच्या गेटवर बत्तीस वर्षं वॉचमन होते. आठला गेट बंद म्हणजे बंद. मूल रडत राहिलं म्हणून मिनिटभर उशीर झालेल्या बाईलाही ते परत पाठवत आणि घरी येऊन स्वतःच्या शिस्तीचे गोडवे गात. काकू ऐकून घेत. त्या घरच्या एका खोलीत कारखान्यातल्या बायकांची अकरा मुलं सांभाळायच्या. काकांच्या मते ते काम नव्हतंच, घरबसल्या विरंगुळा होता. निवृत्त झाल्यावर हा विरंगुळा दिवसभर कानावर पडू लागला आणि चार दिवसांत काकांनी कानात कापूस घातला.

अशातच दोन गल्ल्या पलीकडे राहणारी त्यांची सून बाळंतपणानंतर त्याच कारखान्यात कामावर निघाली. तिच्या मशीनवर बसायला दुसरी टपलेलीच होती. सोमवारी आठच्या आत पोचली नाही तर जागा गेली. बाळ अर्थातच काकूंकडे.

"मुलं बारा झाली. मला हात दोनच आहेत. तुम्ही दार बघा," काकू म्हणाल्या.

दार म्हटल्यावर काका खुलले. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले, आणि स्वतःच ठरवलेल्या वेळी, पावणेआठ वाजताच, कडी लावून मोकळे झाले. लगेच थापा पडल्या.

"वेळ संपली. उद्या या."

"बाबा, मी आहे. निघताना बाळ अंगावर ओकलं."

"नियम सगळ्यांना सारखा."

दोन काखांत दोन मुलं घेऊन काकू आल्या. "आधी कडी काढा, मग अक्कल पाजळा. बाळाला घ्या आणि जा तिच्याबरोबर. गेट तुमच्याच ओळखीचं आहे ना?"

दोघं धावत पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. नवा वॉचमन काकांच्याच हाताखाली तयार झालेला. "काका, आठ म्हणजे आठ. तुम्हीच शिकवलंत."

काका गेटच्या या बाजूला पहिल्यांदाच उभे होते. सुनेचे डोळे भरून आले. "माझ्यासारख्या रोज किती जणी परत जायच्या, बाबा?"

मान खाली घालून काका वॉचमनला म्हणाले, "चुकीचं शिकवलं रे मी."

त्यानं इकडेतिकडे बघत गेट वीतभर सरकवलं. सून आत शिरली. तो गेट ओढून घेणार, तेवढ्यात कोपऱ्यावरून आणखी एक बाई धापा टाकत येताना दिसली. बाळाला खांद्यावर घेत काकांनी फटीत पाय घातला.

"थांब जरा," ते म्हणाले, "एक जण येतेय."