साहेबांची बॅट आणि गयाबाईचं चोपणं

बाजेची दोरी एका जागी ओढली की सगळी बाज सैल होते. कचेरीचे किस्से तसेच. एक सांगायला जावं तर मागून पाच-सहा ओढले जातात! म्हणून मी आपण होऊन सुरुवात करत नाही. पण आमच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, ‘नाना, ते बॅटचं सांगा की!’

सांगतो. फक्त मधे कुणी ‘हे खरं का?’ असं विचारायचं न्हाई. विचारलं की मी उठलो.

*

निजामाचं राज्य. मी गेवराईच्या तहसील कचेरीत हंगामी मोहरीर. मोहरीर म्हणजे कारकून, अन् हंगामी म्हणजे ज्याला कधीही ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणता येतं असा!

माझा कायम करायचा कागद तहसीलदार साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. इकडं माझं लग्न ठरलेलं. होणाऱ्या सासऱ्यानं निरोप धाडलेला, ‘पोरगा कायम झाला की मुहूर्त काढू.’ म्हणजे एका सहीवर नोकरी अन् बायको, दोन्ही अडकलेल्या!

साहेब हैदराबादचे. शेरवानी, तुर्की टोपी, कानात अत्तराचा फाया अन् काखेत बॅट. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. नमाज झाली की साहेब सगळ्या कचेरीला मैदानात उतरवायचे.

पहिल्याच शुक्रवारी ठाण्यातला पोलीस जवान सखाराम ह्यानं साहेबांची मधली दांडी उडवली. दांडी उडाली अन् सखारामचा रंगही उडाला. अंपायर आमचे पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणारे, करीमभाई. ते दांडीकडं बघून म्हणाले, ‘हवा से गिरी, हुजूर!’

झाडाचं पान हलत नव्हतं. साहेबांनी बॅट काखेत मारली अन् आपणहून चालू लागले. जाता जाता म्हणाले, ‘करीम मियाँ, ऐसी हवा कचेरी में चली तो सारे कागदां उड जाते!’

*

एकदा साहेब पंधरा दिवसांच्या दौऱ्यावर निघाले. निघताना बॅट माझ्या हातात दिली. ‘मुन्शीजी, इसको तेल पिलाना. हम वापस आए सो जुम्मे को परळी की रेलवे टीम आ रही. हमारी इज्जत इसमें है!’

आता आमच्या तलवाड्यात नव्या काठीला तेल पाजायचं म्हणजे काय करत्यात? तेल्याच्या घरी जायचं, काठी तेलाच्या डोणीत बुडवायची, वर दगड ठेवायचा अन् आठ दिवस तिचं नाव घ्यायचं न्हाई. आमच्या आज्याची काठी अशीच पिलेली होती. तिनं लई डोकी फोडली, पण स्वतः फुटली न्हाई!

मी बॅट डोणीत बुडवली. वर दगड ठेवला.

पाच दिवसांनी काढली तर एका हातानं उचलंना. सखारामनं चेंडू टाकला. ‘ठक्क’ व्हायचं, तर झालं ‘फच्च’! करीमभाईंच्या पांढऱ्या कुर्त्यावर तेलाचे शिंतोडे. मग उन्हात वाळत घातली, तर वरपासून खालपर्यंत उकलली.

करीमभाई कुर्ता झटकत म्हणाले, ‘अबे, साब तेल पिलाने को बोले थे. डुबा के मारने को कब बोले?’

मला हसायला येईना. डोळ्यांपुढं सासरा दिसत होता.

*

उमापूरला ग्यानबा सुतार होता. वखर, पाभर, गाडी, पाळणा, काहीही सांगा, पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्याकडं गेलतो. त्यानं बॅट जन्मात बघितली नव्हती. मी धुळीत काढून दाखवली.

‘हे कावून लागतंय?’

‘चेंडू मारायला.’

‘कुणाचा चेंडू?’

‘परळीवाल्यांचा.’

‘मग बाभूळच पायजे!’ ग्यानबा म्हणाला. भांडण म्हटलं की आमच्याकडं बाभूळच!

त्यानं दोन दिवसांत बाभळीची बॅट दिली. दिसायला झ्याक. मी ती खांद्यावर घेऊन आलो अन् दोन दिवस मान वळंना. सखारामनं ती दोन्ही हातांनी उचलली, जरा फिरवली अन् हळूच खाली ठेवली.

‘नाना, ह्यानं खेळायचं न्हाई. ठाण्यात द्या. नुसती दाखवली तरी चोर कबूल होईल!’

*

मग हलकं लाकूड शोधायचं ठरलं. ग्यानबानं पांगारा निवडला. पांगारा इतका हलका की ती बॅट हातात घेतली तरी हातात काही आहे असं वाटंना. मी खूश.

सखारामनं चेंडू टाकला. मी मारला. आवाज न्हाई, चेंडूही न्हाई! सगळे आभाळाकडं बघतायत. सखाराम पळत पळत बांधापर्यंत जाऊन आला.

चेंडू बॅटमध्येच रुतून बसला होता!

मी तसाच बॅट घेऊन धावत सुटलो. तीन धावा काढल्या. सखाराम मागं ओरडत होता, ‘करीमभाई, ह्याला आउट द्या बे!’ करीमभाईंनी चष्मा पुसला, बॅट बघितली, चेंडू बघितला.

म्हणाले, ‘आउट कैसे देऊं? गेंद अभी घर से निकलीच नहीं!’

*

आता गेवराईत ज्याला त्याला कळलं होतं की मोहरीर लाकूड शोधतोय. प्रत्येकाची पारख वेगळी. तेली लाकडाचा वास घ्यायचा. सखाराम गुडघ्यावर मारून बघायचा. गुडघा दुखला तर लाकूड चांगलं. करीमभाई कानाला लावून नखानं वाजवायचे अन् मान हलवायचे. कळत कुणालाच काही नव्हतं.

पांगाऱ्याची गत बघायला गेवराईला आलेला ग्यानबा मात्र वैतागला. म्हणाला, ‘लाकूड कापल्या कापल्या काय कामाचं? माणसाच्या हातात दहा-वीस वर्षं मार खाऊन निघालं पायजे. तवा त्याला अक्कल येती.’

तो हे बोलत असतानाच कचेरीच्या मागच्या आळीतून आवाज आला. ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

ग्यानबानं कान टवकारले. ‘हे बघा. ह्याला म्हणत्यात लाकूड!’

*

आवाज गयाबाईच्या माळवदावरून येत होता. माळवद म्हणजे आमची मातीची छपरं. दर उन्हाळ्यात त्यांच्यावर पांढरी माती टाकायची, भिजवायची अन् चोपण्यानं ठोकून ठोकून बसवायची. वाळायच्या आत ठोकली न्हाई तर माती तडकते, अन् मग पावसाळाभर घरात पातेली मांडून बसा!

गयाबाईचं चोपणं जुन्या चिंचेचं. रुंद, सपाट, घासून आरशासारखं झालेलं. ग्यानबा ते बघून खुळा झाला. ‘वरची मूठ तेवढी गोल केली अन् सुतळी गुंडाळली की बॅट तयार!’

गयाबाईनं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. ‘सासूनं जाताना मला दोनच गोष्टी दिल्या. हे चोपणं अन् शिव्या. शिव्या पायजे तेवढ्या घेऊन जा!’

मी माळवदावरच हात जोडून बसलो. नोकरीचं सांगितलं, सहीचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं. सांगता सांगता खरंच रडू आलं. लाज कसली त्यात?

बाई जरा नरमली. ‘पोरगी कुठली?’

‘उमापूरची.’

‘माझ्या माहेरची? मग ने. पण शुक्रवारी मी राहिलेल्या अर्ध्या माळवदाची माती भिजवणार हाय. उन्हं कलायच्या आत चोपणं माझ्या हातात पायजे. न्हाई आलं, तर मी येते!’

*

शुक्रवारी साहेबांनी बॅट हातात घेतली.

‘काली पड गई?’

‘तेल, हुजूर.’

‘वजन भी बढ गया?’

‘तेलच, हुजूर.’

परळीवाल्यांनी आधी खेळून आम्हाला चांगलंच पळवलं. मग आमची कचेरी एकामागं एक आउट झाली, पण साहेब उभे! पहिलाच चेंडू असा मारला की ठण्ण आवाज आळीपर्यंत गेला. चिंचेची अक्कल दिसत होती. साहेब बॅटचा मुका घ्यायचे तेवढे राहिले. उन्हं कलली. जिंकायला चारच धावा उरल्या.

अन् आळीच्या तोंडाशी गयाबाई दिसली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले.

ती थेट खेळपट्टीवर आली. ज्यांच्यासमोर सगळा तालुका उठून उभा राहतो त्या साहेबांपुढं तिनं हात पसरला. ‘द्या हिकडं. माझी माती वाळाया लागली!’

साहेबांनी बॅट उलटी केली, सुतळी बघितली. मग माझ्याकडं वळले.

‘मुन्शीजी, मेरा बल्ला किधर है?’

मला खोटं सुचंना. ‘हुजूर... त्यानं तेल जास्त पिलं.’

करीमभाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी बॅट पुन्हा सुलटी केली. मग गयाबाईला म्हणाले, ‘अम्मा, एक गेंद?’

‘एकच!’

ती दांड्यांशेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चेंडू आला. साहेबांनी तो बांधापार धाडला! आमची माणसं नाचायला लागली. गयाबाईनं मात्र चेंडू कुठं गेला तेही बघितलं न्हाई. साहेबांच्या हातातून चोपणं काढलं अन् निघाली.

‘मुन्शीजी,’ साहेब म्हणाले, ‘जाओ. अम्मा की छत तुम ठोकोगे. जित्ती ठोकना है, उत्ती!’

मी माळवदावर चढलो. ठोकायला लागलो. खाली आळीत साहेब, मागं अख्खी टीम, त्यांच्या मागं परळीची रेल्वे! साहेब खालून ओरडत होते, ‘आडा नक्को मारो! सीधा बल्ला! सीधा!’

गयाबाईनं वरून खाली वाकून बघितलं.

‘ह्यो कोण बे खाली उभा राहून शिकवणारा? येत असंल तर वर ये म्हणावं. शेजारणीचं चोपणं रिकामंच हाय!’

साहेबांनी टोपी काढून करीमभाईंच्या हातात दिली. मग शेरवानीचं वरचं बटण सोडलं.

*

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या पेन्शनचे कागद तपासायला एक तरुण बाबू बसला होता. मला कायम केल्याचा जुना हुकूम त्यानं उजेडात धरला. साहेबांची उर्दू सही, अन् सहीशेजारी पांढऱ्या मातीचा अख्खा अंगठा.

‘हा कसला डाग आहे हो?’ त्यानं विचारलं.

शेजारी आमची उमापूरची बसली होती. तीच बोलली.

‘डाग न्हाई बाबा ते. आमचा मुहूर्त हाय!’