बाभळीआडचं इंजिन

मी सातवीतून शाळा सोडली, आणि गाव सोडलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गाव लांब, नांदेडच्याही पुढं. सोलापुरात ओळखीचं कुणी नव्हतं तेव्हा एका विणकर घरातल्या मावशीनं मला खोली दिली. कारखान्यातल्या चादरी घेऊन मंद्रूपच्या बाजारात बसायचं तिनंच सुचवलं. तिथं मिरच्या-वांगी विकणाऱ्या एका मामांनी त्यांच्या पालाखाली मला जागा दिली, दुपारच्या भाकरीत वाटा दिला. ही दोन माणसं नसती तर मी कधीच माघारी गेलो असतो. म्हणून दोघांपैकी कुणी नाराज होईल याची मला सारखी धास्ती.

आणि दोघांना एकमेकांच्या मुलखाचा भरवसा नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. धरणातून शहरासाठी सोडलेलं पाणी वाटेतली खेडी उसाला ओढून घेतात, असं गल्लीचं म्हणणं. मंद्रूपात उलटं. नदीत पाणी सोडलं की काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. डोळ्यांदेखत पाणी पुढं जातं आणि पीक वाळतं. मामा मला चिडवायचे, "आज आंघोळ केलीस का रं? आमच्याच पान्यानं केली असशील की."

एका उन्हाळ्यात बाजार उठल्यावर मामा मला त्यांच्या शेतावर घेऊन गेले. वीज तोडलेलीच होती, तरी वांग्यांत पाणी चाललं होतं. नदीकाठी बाभळींच्या आड डिझेलचं इंजिन धडधडत होतं. वांगी तगली पाहिजेत की, म्हणून मामा हसले. मीही हसलो.

दोन दिवसांनी गल्लीत पाणी आलं. पिंपं भरता भरता बायका खेड्यातल्यांचा उद्धार करत होत्या. मावशीनं मला विचारलं, तू जातोस की तिकडं, चोरतात म्हणतात ते खरं का? चारचौघांत मला कधी कुणी काही विचारत नाही. मला बरं वाटलं. मी इंजिनाचं सांगून टाकलं, बाभळींसकट. मामांचं नाव घेतलं नाही, एवढीच अक्कल. मावशीचा भाचा तिथंच पाईप धरून उभा होता. तो पाण्याच्या खात्यात रोजंदारीवर आहे. त्यानं एक प्रश्नसुद्धा विचारला नाही, ते मला रात्री अंथरुणात पडल्यावर खटकलं.

पुढच्या बाजाराला मामांपुढं वांगी नव्हती, नुसत्या मिरच्या. चार दिवसांपूर्वी सरकारी गाडी आली, माणसं थेट बाभळींकडं गेली आणि इंजिन उचलून नेलं, असं शेजारच्या कांदेवालीनं मला सांगितलं. 'थेट' हा शब्द तिनं दोनदा म्हटला. मामा माझ्याकडं न बघता मिरच्या निवडत होते. दुपारी भाकरी सोडली तेव्हा म्हणाले,

"इंजान बगाया तूच आलतास. कुटं बोललास का?"

नाही म्हणणं सोपं होतं. भाच्यानंच कळवलं याला पुरावा तरी कुठं होता? मला आजही नक्की माहीत नाही. त्याला विचारायचं धाडस झालं नाही. पण माझ्या हातात त्यांचीच भाकरी होती.

"बोललो मामा. गल्लीत."

त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "खा. तुजं गाव लांब हाय."

जागा त्यांनी काढून घेतली नाही. अजून मी तिथंच बसतो, भाकरीही मिळते. हे दुसऱ्या कुणी केलं नसतं, हे मला कळतं. पण शेताचं, नदीचं काही निघालं की मामा आणि कांदेवाली कानडीत बोलायला लागतात. तिकडं सीमेजवळ कानडी घरोघरी, मला येत नाही. मी चादरींच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत बसतो. मधेच दोघं हसली की वाटतं, माझ्यावरच.

इकडं भाचा, जो आधी ओळखही द्यायचा नाही, तो आता दिसला की "काय दादा, बाजार कसा?" म्हणतो. आणि मावशी विचारते, काय बोलतात रे तिकडचे? मी सांगतो, मला समजत नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहते. तिला वाटतं, मी लपवतोय.